खाडीकांठची जलव्यवस्था : मीरा-भाईंदरच्या खाजणांपासून घ्यावयाचा धडा

शेतीसाठीं मनुष्यानें पाण्याचा उपयोग कसकसा केला याचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे बहुधा धरण, कालवा, पाट व मोट यांचींच वर्णनें पुढें येतात. देशावरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें साहजिकच आहे; कारण त्याची अडचण पाणी मिळविण्याची. परंतु कोंकणांतील खाडीकांठच्या शेतकऱ्याची अडचण याच्या अगदीं उलट असते. त्याच्या शेताच्या पायथ्याशीं पाणी दिवसांतून दोनदां आपण होऊन चालून येतें, आणि तें शेतांत शिरलें कीं पीक जातें. खारें पाणी बाहेर ठेवणें, पावसाचें गोडें पाणी आंत हवें तेवढें धरणें व नको असेल तेवढें वेळेवर सोडून देणें, ही त्याची जलव्यवस्था. तिच्यासाठीं लागणारें कौशल्य कालवा खणण्याच्या कौशल्याहून रतिभरही कमी नाहीं.

या लेखांत आम्हीं साष्टी बेटाच्या उत्तर टोंकाचा, म्हणजे मीरा-भाईंदरचा टापू उदाहरणादाखल घेतला आहे. त्यावरून एकच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी अशी आमची इच्छा आहे. शेतास पाणी येण्याची वाट जितकी राखावी लागते, तितकीच पाणी जाण्याची वाटही राखावी लागते. आणि या दोन्ही वाटा कोणा एकट्याच्या हातून राखल्या जात नाहींत.

टापूची रचना

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचें मुख. पश्चिमेस अरबी समुद्र. आणि पूर्वेस व आग्नेयेस साष्टीचे जंगलमय डोंगर, जेथें आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. डोंगर आणि खाडी यांच्यामधील सखल चिकणमातीच्या पट्ट्यांत भाईंदर, नवघर, गोडदेव, खारी, मीरा, राई, मुर्धे इत्यादि गांवें वसलीं, तर समुद्राच्या बाजूस उत्तन, डोंगरी व पाली हीं गांवें आहेत. येथें आगरी, कोळी व ख्रिस्ती शेतकरी यांची जुनी वस्ती असून भात, मीठ व मासळी या तिन्हींवर त्यांचा निर्वाह चाले.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. भरती सुमारें साडेबारा तासांच्या अंतरानें येते, व दररोज तिची वेळ पाऊण तासाच्या वर पुढें सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येतें, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाचें पाणी साडेचार मीटरांहूनही वर चढतें. भरतीची वेळ काढण्याची कोळी लोकांची रीत शेतकऱ्यानेंही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची अजमासें वेळ निघते. चतुर्थीस सुमारें तीन वाजतां, अष्टमीस सुमारें सहा वाजतां भरती पूर्ण होते. खाडीच्या आंतल्या भागांत हीच वेळ थोडी मागाहून येते.

खाजणाचें शेत कसें होतें

भरतीच्या पाण्याखालीं जाणाऱ्या चिखलाच्या जमिनीस खाजण म्हणतात. तिच्यापासून भातशेत करावयाचें झाल्यास प्रथम खाडीच्या बाजूनें मातीचा बांध घालावा लागतो. त्याचा माथा मोठ्यांत मोठ्या उधाणाहून उंच असावा लागतो, व खाडीकडील उतार सौम्य ठेवावा लागतो; म्हणजे लाटेचा मार त्यावर पसरून पडतो. जेथें मार अधिक तेथें दगडाचें अस्तर देतात. बांधासमोर तिवरांची झाडी असल्यास लाटेचा जोर तेथेंच मोडतो. म्हणून ती तोडणें हा स्वतःच्याच बांधावर घाव घालण्याचा प्रकार होय.

बांधाचा प्राण मात्र उघाडींत असतो. उघाडी म्हणजे बांधांतून पाणी बाहेर सोडण्याची मोरी व तिच्या खाडीकडील तोंडास वरच्या अंगानें टांगलेली झडप. भरती आली कीं बाहेरचें पाणी झडपेस दाबून तोंड बंद करतें. ओहोटी लागली कीं आंतलें पाणी झडप ढकलून बाहेर पडतें. मनुष्यानें काम करावें आणि चंद्रानें यंत्र चालवावें अशी ही साधी योजना आहे. परंतु झडपेंत एखादा लाकडाचा तुकडा अडकला, किंवा मोरीच्या तोंडाशीं गाळ सांचला, तर तेंच यंत्र उलटें चालूं लागतें आणि भरतीचें पाणी शेतांत येतें.

बांध पुरा झाला म्हणजे शेत झालें असें नव्हे. जमिनीच्या अंगांत मुरलेलें मीठ काढावें लागतें, आणि तें काम पावसाचें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. उलट पक्षीं, दोन मीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें ८० लक्ष लिटर निव्वळ गोडें पाणी होय. तें शेतांत कोंडावें, क्षार विरघळूं द्यावा, व ओहोटीच्या वेळीं उघाडीवाटे सोडून द्यावें; पुन्हां कोंडावें व पुन्हां सोडावें. असें कांहीं पावसाळे केल्यावर वरच्या थरांतील क्षार भातास सोसेल इतका उतरतो. येथें वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, पाणी नुसतें कोंडून भागत नाहीं. सोडलें नाहीं तर विरघळलेला क्षार तेथल्या तेथेंच राहतो.

भाताची सोसण्याची शक्ति फार मोठी नाहीं. मातीच्या अर्काची विद्युत्‌वाहकता दर मीटरास ३ डेसिसायमन यावर गेली कीं उत्पन्न घटूं लागतें, व पुढच्या प्रत्येक एककास सुमारें १२ टक्के घट येते. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते. यावरून बांधास पडलेल्या एका भगदाडाचें मोल कळावें. भाताचें रोप कोंवळें असतांना आणि पीक फुलोऱ्यावर असतांना क्षार विशेष बाधतो. म्हणून या दोन वेळीं तर डोळ्यांत तेल घालून बांध राखावा लागतो.

या जमिनीची मशागतही निराळी आहे. वरकस भागांत राब भाजून रोपें तयार करतात व तीं चिखलांत लावतात. खाजणांत मात्र पहिल्या पावसाचें पाणी धुऊन काढल्यावर मोड आलेलें बीं चिखलांत फेंकून पेरण्याची, म्हणजे रहूची, चाल होती. खोल नांगरट टाळीत; कारण तिनें खालचा क्षार वर येतो. काळा राता व भुरा राता या खार सोसणाऱ्या जुन्या जाती कोंकणांत प्रसिद्ध आहेत. पुढें पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रानें पनवेल १, पनवेल २ व पनवेल ३ या जाती शेतकऱ्यांस दिल्या. परंतु कितीही उत्तम जात घेतली तरी ती बांधाची जागा घेऊं शकत नाहीं, हें विसरतां कामा नये.

मिठागर : तीच विद्या, उलट हेतु

भाईंदरचा टापू मिठागरांसाठींही नामांकित होता. मिठागर व भातशेत यांस लागणारी विद्या एकच आहे. दोहोंसही बांध लागतो, दोहोंसही भरतीचें ज्ञान लागतें. भेद एवढाच कीं, भातशेतकरी खारें पाणी बाहेर ठेवतो, आणि आगरी मिठागरांत तें उधाणाच्या भरतीस मुद्दाम आंत घेतो, एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत उतरवीत उन्हानें आटवितो, आणि शेवटच्या लहान वाफ्यांत मीठ धरतो. पावसाळा सुरू झाला कीं मिठाचें काम थांबतें व भाताचें सुरू होतें. एकाच घरचे हात दोन्हीकडे लागत. ज्यास खारें पाणी कोंडतां येतें त्यासच तें अडवितांही येतें, आणि म्हणूनच या टापूंतील माणसांच्या हातीं बांधाचें काम पिढ्यान्‌पिढ्या उत्तम राहिलें.

विहिरीचें गोडें पाणी

समुद्रकांठच्या वाळूच्या पट्ट्यांत जलव्यवस्थेचा तिसरा प्रकार दिसतो. खाडीपलीकडील वसई याविषयीं प्रसिद्ध आहे. तेथें बावखलें, म्हणजे पावसाचें पाणी मुरविणारीं व धरणारीं लहान तळीं, आणि त्यांच्या जोडीस उथळ विहिरींवरील रहाट यांच्या आधारानें केळीच्या व पानवेलींच्या बागा फुलल्या. जनावराच्या बळानें फिरणारा व मडक्यांच्या माळेनें पाणी उपसणारा रहाट हिंदुस्थानांत जुना आहे. लाहोर, दिपालपूर या भागांत तो कसा चालतो याचें वर्णन बाबरानें सोळाव्या शतकांत आपल्या आत्मचरित्रांत केलें आहे.

समुद्राच्या इतक्या निकट विहिरीस गोडें पाणी कसें लागतें असा प्रश्न कोणी करील. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें पावसाचें मुरलेलें पाणी जमिनीखालीं खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. याचें गणित घायबेन व हर्झबर्ग या दोघां युरोपीय शास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या आरंभापर्यंत स्वतंत्रपणें मांडलें. समुद्रपातळीच्या वर गोडें पाणी एक फूट असेल तर खालीं तें सुमारें चाळीस फूट असतें. याचाच उलटा अर्थ असा कीं, उपसा करून वरची पातळी एक फूट उतरविली तर खालून खारें पाणी कालांतरानें सुमारें चाळीस फूट वर चढूं पाहतें. रहाट संथ चालतो, रात्रीं थांबतो, व तेवढ्यांत विहीर भरून येते. त्याच्या मंदपणांतच विहिरीचें रक्षण होतें. पंप बसवून टँकर भरूं लागल्यावर वसईच्या विहिरींचें काय होऊं लागलें हें विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लोकांनीं पाहिलें, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच दुःखांतून.

इतर देशांची साक्ष

आतां जगाच्या इतिहासाकडे वळूं. पाणी आणलें पण बाहेर जाण्याची वाट ठेविली नाहीं, याचें सर्वांत जुनें उदाहरण दक्षिण इराकांतील सुमेर देशाचें होय. तेथें नद्यांचें पाणी कालव्यांनीं सपाट भूमीवर पसरलें, निचरा नव्हता, पाण्याची पातळी वर आली व मीठ पृष्ठावर उमटलें. तेथील जुन्या लेखांवरून जेकबसन व अॅडम्स या दोन संशोधकांनीं १९५८ सालीं असें मांडलें कीं, गव्हाची जागा हळूहळू क्षार अधिक सोसणाऱ्या जवानें घेतली, व पुढें गहूं जवळजवळ नाहींसाच झाला. उलट ईजिप्तमध्यें नाईलचा पूर शेतांत घेऊन मुरवीत व उरलेलें पाणी परत नदींत सोडीत. त्यामुळें जमीन दरसाल धुतली जाई व हजारों वर्षें पिकत राहिली.

हॉलंडचें उदाहरण तर आपल्या खाजणांचें थोरलें भावंडच म्हणावें. तेथील शेतकऱ्यांनीं मध्ययुगापासून बांध राखण्यासाठीं जलमंडळें स्थापिलीं. ज्याची जमीन बांधाआड, त्यानें बांधाचा खर्च सोसावा, असा नियम त्यांनीं केला. १६१२ सालीं बेमस्टरचें विस्तीर्ण तळें पवनचक्क्यांनीं उपसून त्यांनीं तेथें शेतें केलीं. तरीही ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीं समुद्राचे बांध फुटले आणि त्या देशांत १,८३६ माणसें मेलीं. बांध घालून झाला म्हणजे काम संपलें असें समजणाऱ्यास समुद्र क्षमा करीत नाहीं.

बांध कोणाचा ?

यावरून आपण मुख्य प्रश्नाशीं येतो. बांध राखावयाचा कोणी ? भगदाड एका शेताच्या हद्दींत पडतें, पण खारें पाणी साऱ्या गांवाच्या शेतांत पसरतें. म्हणून बांध कोणा एकाच्या मालकीचा असला तरी काळजी सर्वांची असावी लागते.

आमच्या देशांत याविषयीं जुन्या व्यवस्था होत्या. गोव्यांत गांवकरी संस्थेकडे खाजणांचे बांध व मानस, म्हणजे तिकडील उघाड्या, यांची जबाबदारी असे. तेथील गांवांच्या या चालीरीती पोर्तुगीज अंमलांत १५२६ च्या फोरालांत लिहून ठेवण्यांत आल्या. ठाणें व कुलाबा भागांत शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रीदार बांध घालून खाजण लागवडीस आणी, आणि बांधदुरुस्तीसाठीं बिघ्यामागें ठराविक धान्य शेतकऱ्यांकडून घेई. खाडीपासून दूर, खानदेशांत पांझरा नदीवर फडपद्धतीनें बंधाऱ्यांचें पाणी वांटीत; पाट साफ करण्यास लाभ घेणाऱ्या सर्वांनीं श्रम द्यावे असा तिचा दंडक होता. प्रकार भिन्न, पण तत्त्व एकच.

मीरा-भाईंदरांत काय घडलें ? साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल सोळाव्या शतकापासून होता. १७३७ सालीं ती मराठ्यांनीं घेतली व १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांच्या हातीं गेली. १८७० सालीं इंग्रज सरकारनें मीरा, भाईंदर व घोडबंदर येथील जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें एका खासगी पट्टेदारास दिली. समुद्राचें पाणी अडविणारा बाहेरचा बांध त्यानें राखावा व त्याबद्दल शेतकऱ्यांच्या भातपिकांतील हिस्सा घ्यावा, असा त्यांतील व्यवहाराचा गाभा होता. म्हणजे बांध राखण्याची सेवा आणि पिकांतील हिस्सा हीं एकमेकांस बांधलेलीं होतीं. सेवा राहिली नाहीं तर हिश्शाचें प्रयोजन काय, हा प्रश्न अशा व्यवस्थेच्या पोटांतच असतो. पुढें १९५१ सालीं साष्टीच्या इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा कायदा झाला. परंतु जुन्या पट्ट्यावरून निघालेले वाद एकविसाव्या शतकांतही न्यायालयांत चालू राहिले.

इकडे १९४८ च्या कुळकायद्यानें कसणाऱ्यास जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली, व १ एप्रिल १९५७ हा दिवस त्यासाठीं नेमला गेला. ही गोष्ट न्यायाचीच झाली. परंतु खाडीकांठीं तिच्याबरोबर एक अडचण आली. जुना खोत किंवा शिलोत्रीदार गेला, त्याच्याबरोबर धान्याची वसुली गेली, आणि बांधाची काळजी कोणी घ्यावी हें ठरलें नाहीं. ती उणीव भरून काढण्यासाठीं १९४८ सालींच मुंबई सरकारनें खार जमिनींचा कायदा केला होता, आणि १९७९ सालीं महाराष्ट्र खारभूमि विकास अधिनियम आला. गोव्यांतही १९६४ च्या कुळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी गांवकरी संस्थेकडून कुळांच्या संघांकडे गेली, आणि जेथें संघ निजले तेथें खाजणें बुडालीं. आमचा निष्कर्ष असा कीं, मालकी वांटली जाते तेव्हां कर्तव्यही त्याच कागदावर वांटून लिहिलें पाहिजे. तें आपोआप वांटलें जात नाहीं.

शेत गेलें, पाणी राहिलें

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९८५ सालीं भाईंदर, नवघर, खारी, मीरा व घोडबंदर या पांच ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, १९९० सालीं आणखी गांवें तींत आलीं, व २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका झाली. २०११ च्या गणतींत तेथें ८,०९,३७८ माणसें मोजलीं गेलीं. जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें बहुतेक इमारती उभ्या आहेत. पिण्याचें पाणी दुरून नळानें आणावें लागतें, आणि पावसाचें पाणी घालविण्यास वाट सांपडत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळीं भरतीही होती. खाजणाचें शेत अशा वेळीं पाणी पोटांत घेतें व ओहोटीची वाट पाहतें. भराव घातलेल्या जमिनीस तें साधत नाहीं. जमीन विकली गेली म्हणून तिचा उतार विकला जात नाहीं, आणि खातें बदललें म्हणून भरतीची वेळ बदलत नाहीं.

खाडीकांठच्या शेतकऱ्यांस सूचना

ज्यांच्या हातीं अद्याप खार जमीन आहे त्यांनीं पुढील गोष्टी नित्य ध्यानांत ठेवाव्या.

१. वैशाखांतील उधाणाच्या दिवशीं सर्व धारकांनीं मिळून बांधावरून एकदां चालत जावें. पाणी माथ्याच्या किती खालीं राहतें हें डोळ्यांनीं पाहावें व जेथें कमी अंतर दिसेल तेथें ज्येष्ठापूर्वीं माती चढवावी.

२. खेकड्यांचीं व उंदरांचीं बिळें चिकणमातीनें ठोकून बुजवावीं. मोठें भगदाड बहुधा लहान बिळापासूनच सुरू होतें. भरावासाठीं माती बांधाच्या पायथ्याची मात्र काढूं नये.

३. उघाडीची झडप, तिचीं बिजागरें व मोरीचें तोंड पावसाळ्यापूर्वीं साफ करावें. उघाडी सांभाळण्यास एक मनुष्य नेमावा व त्याचा मोबदला सर्वांनीं एकराच्या प्रमाणांत द्यावा.

४. पहिल्या जोराच्या पावसाचें पाणी दोन-तीन वेळां कोंडून ओहोटीस सोडावें, मगच पेरणी करावी. पावसानें ओढ दिली तर शेत कोरडें पडूं देऊं नये. वाळत्या जमिनींत क्षार वर चढतो.

५. मासळी किंवा कोळंबी धरण्याच्या लोभानें कोणी उघाडीवाटे खारें पाणी आंत घेत असेल, तर तें सर्वांच्या संमतीनें व ठरलेल्या मुदतीपुरतेंच व्हावें. एकाची कोळंबी दहांचें भात बुडविते.

६. खारभूमि योजनेंत आपला बांध असो वा नसो, गांवांत बांधाची वही ठेवावी. कोणाच्या शेतासमोर किती हात बांध, कोणत्या सालीं कोणी किती श्रम दिले, हें तींत लिहावें. सरकाराकडे दुरुस्ती मागतांना हीच वही उपयोगी पडेल.

यांपैकीं एकाही गोष्टीस मोठें भांडवल लागत नाहीं. लागतो तो एकोपा व वक्तशीरपणा. सुमेरच्या शेतकऱ्यापाशीं कालवे होते, हॉलंडच्या शेतकऱ्यापाशीं पवनचक्क्या होत्या, आमच्या आगरी शेतकऱ्यापाशीं चिकणमाती व लाकडाची एक झडप होती. ज्यांनीं पाणी जाण्याची वाट राखली ते टिकले. मीरा-भाईंदरचें खाजण आतां बहुतांशीं परत येणार नाहीं. परंतु रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा येथील खाजणें अजून शेतकऱ्यांच्या हातीं आहेत, आणि तेथील भरती ठरल्या वेळीं येणारच आहे. येत्या वैशाखांतील उधाणापूर्वीं प्रत्येक गांवानें आपला बांध एकदां चालून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.